शुक्रतळावरची म्हातारी

सुनेला ताळ्यावर आणायला मोठीआईंना पन्नास मिनिटं पुरणार होती. एकावन्नावं मिनिट लागलं तर नाव बदलीन, असं त्यांनी सकाळीच आरशासमोर उभं राहून जाहीर केलं होतं. आरशाने हरकत घेतली नाही.

भांडण नको, रडारड नको, छातीत कळ आल्याचं सोंग तर नकोच. ते दोनदा करून झालं होतं. पण सून पडली परिचारिका! पहिल्या खेपेला तिने नाडी बघितली, दुसऱ्या खेपेला नुसतं घड्याळ.

घोळ असा होता, की सुनेला सहा तासांच्या अंतरावरच्या मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिकेची जागा चालून आली होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. ती गेली की मुलगाही आज ना उद्या पिशवी भरून तिच्या मागे जाणार, आणि मोठीआई उरणार चार खोल्यांत भिंतींशी बोलत. बोलायला त्यांची ना नव्हती. पण भिंत उलट उत्तर देत नाही, मग जिंकायचं कोणाला?

आणि उपाय त्यांच्या कपाटातच होता. ‘शुक्रतळ’, भाग चौदावा!

‘शुक्रतळ’ ही फार जुनी परदेशी मालिका. शुक्रावर माणसांची वस्ती, तिथे एक कप्तान, एक डॉक्टरीण, आणि दर गुरुवारी एक नवं संकट. बोलणं सगळं परक्या भाषेत. मोठीआईंची शाळा तिसरीत सुटलेली, त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण यजमान होते ना! तारखात्यात जन्म गेलेला, सगळे त्यांना तारमास्तरच म्हणत. ती भाषा त्यांना पाण्यासारखी यायची. खुर्चीच्या हातावर बोटांनी कट्ट-कडकट्ट करत ते एकेक वाक्य समजावून सांगत, आणि मोठीआई कारखान्यातून घरी आणलेल्या गणवेशांची काजं करता करता ऐकत. तारमास्तरांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण बावन्नच्या बावन्न भाग मोठीआईंना आजही तोंडपाठ होते.

त्यातला चौदावा म्हणजे काळजाचा तुकडा. डॉक्टरिणीला पृथ्वीवरून मोठ्या हुद्द्याचं बोलावणं येतं. पण तळावर कप्तानाची म्हातारी आई असते, सारखी खोकणारी. डॉक्टरीण डोळे पुसते आणि म्हणते, “हुद्दे छप्पन्न मिळतील, आई एकच!”

तारमास्तरांनी हे वाक्य सांगितलं तेव्हा मोठीआईंची सुई कापडातच थांबली होती. कारण त्याच आठवड्यात त्यांना गणवेशाच्या कारखान्यात देखरेखीची जागा देऊ केली होती. चाळीस बायका हाताखाली! आणि घरात सासूबाई, सारख्या खोकणाऱ्या. दुसऱ्या दिवशी मोठीआई जाऊन नाही म्हणून आल्या. पुढे अकरा वर्षं पाण्याचे पेले नेले आणि आणले. पस्तावल्या का? मुळीच नाही! शुक्रावरची एवढी शिकलेली बाई जे करते तेच आपण केलं, या तोऱ्यात त्या म्हाताऱ्या झाल्या.

महिन्यापूर्वी मुलाने कुठूनसा सगळ्या भागांचा डीव्हीडी संच आणला, आणि मोठीआईंना चाळिशीतली उमेद परत आली. त्या रोज दोन भाग बघत. बोलणं कळत नव्हतं, पण कळायची गरजच काय? गोष्ट तर आधीच ठाऊक! नवीन गंमत वेगळीच होती. जुन्या टीव्हीवर इतक्या मुंग्या यायच्या, की शुक्र आणि कप्तानाचं टक्कल यांत फरक दिसत नसे. डीव्हीडीवर सगळं लख्ख! कप्तानाच्या चंदेरी अंगरख्याची काखेतली शिवण उसवलेली. शुक्रावरचा धोंडा पाय लागला की चेंडूसारखा उडतो. आणि यान चक्क दोऱ्याला लटकलेलं!

“चाळीस नंबरचा दोरा आहे,” मोठीआई म्हणाल्या होत्या. “मी असते तर साठ नंबरचा काळा लावला असता. कोणाच्या बापाला दिसला नसता!”

पण प्रेम तसूभरही कमी झालं नाही. शिवण उसवली म्हणून कोणी अंगरखा फेकतं का?

तर रविवारी दुपारी चार वाजता मोठीआईंनी दरबार भरवला. साक्षीदार हवेत म्हणून दोघींना बोलावलं. तारमास्तरांची थोरली बहीण, म्हणजे नणंदबाई, आणि खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई. सुनेची खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर, दाराकडे पाठ करून. पळायची सोय नको!

“घर कसं टापटीप आहे हो तुमचं,” गणिताच्या बाई म्हणाल्या.

“माझ्या नजरेखाली आहे म्हणून!” मोठीआई सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. “या घरात चमचा हलला तरी मला विचारून हलतो.”

मुलगा रिमोट घेऊन उकिडवा बसला होता. “आई, यात आपल्या भाषेतला आवाजही आहे की! लावू?”

मोठीआईंचा चेहरा फुलला. “लाव! एरवी लोक म्हणतील, म्हातारी मनाने रचून सांगते.”

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. हा शुक्रावरचा नव्हता, चांगला वजनदार होता.

कप्तान मराठीत बोलू लागला. आवाज सर्दी झालेल्या तिकीटमास्तरासारखा. डॉक्टरिणीला पृथ्वीवरून बोलावणं आलं. मोठीआईंनी सुनेकडे तिरक्या डोळ्याने बघितलं. मग दार सरकलं आणि खोकत खोकत म्हातारी आली.

“हीच ती! कप्तानाची आई!” मोठीआईंनी टाळी वाजवली.

पडद्यावर कप्तान ओरडला, “ही बाई कोण? तळावर शिरली कशी?”

मोठीआईंची दुसरी टाळी अर्ध्यावरच राहिली.

“आईला ओळखत नाही का तो?” गणिताच्या बाईंनी विचारलं.

“म्हातारपणी ओळख राहत नाही माणसाला!”

“आई, म्हातारी ती आहे, तो नाही,” मुलगा म्हणाला.

“तू गप बस!”

पडद्यावर डॉक्टरिणीने म्हातारीची उशी उचलली. खाली हिरवा दिवा! तारमास्तरांनी तो शेक द्यायचा दिवा म्हणून सांगितला होता. म्हातारी खोकली की दिवा पेटायचा, आणि दिवा पेटला की तळावरची वीज मंद व्हायची.

“कप्तान, हे माणूस नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “हे परग्रहावरचं यंत्र आहे. आपण जितकी सेवा करू, तितकं हे आपल्याला शोषणार! मी पृथ्वीवर निघाले. तो हुद्दा मी घेतेय.”

“आणि हिचं काय करू?”

“हिला पाणी देणं बंद करा!”

सुनेचे खांदे गदागदा हलत होते. ती रडत नव्हती हे पाठीवरूनही कळत होतं.

“बदललंय!” मोठीआई ताडकन उठल्या. “डीव्हीडी करणाऱ्यांनी गोष्टच बदललीय! लबाड मेले! मला यांनी स्वतः सांगितली होती. शब्दन् शब्द!”

मुलाने घाबरून चित्र थांबवलं. म्हातारी तोंड उघडं टाकून पडद्यावर अडकली.

“वन्सं, तुम्ही तरी सांगा! तुमच्या भावाला ती भाषा येत होती की नव्हती?”

“येत होती म्हणजे? फर्डी येत होती!” नणंदबाई बिस्किट बुडवत म्हणाल्या. “आम्हाला त्याने खरीच गोष्ट सांगितली होती ना. तू आत पीठ मळत होतीस. म्हणाला, हिला मी दुसरीच गोष्ट सांगितलीय, आता ही कारखान्यात जायची नाही. आमची आई इतकी हसली, इतकी हसली, की तिला खरोखरीचा खोकला आला!” नणंदबाईंनाही आठवणीने हसू फुटलं. “आणि तूच की गं पाणी घेऊन धावत आलीस!”

बिस्किटाचा तुकडा गळून त्यांच्या चहात पडला.

मोठीआईंनी भिंतीकडे बघितलं. फोटोत तारमास्तर हसत होते. नऊ वर्षं मोठीआई त्या हसण्याला प्रेमळ म्हणत आल्या होत्या. आज नीट बघितलं. डीव्हीडीसारखं लख्ख दिसलं. अकरा वर्षं. चाळीस बायका. आणि दोरा पहिल्यापासून दिसत होता की! आपणच मुंग्या समजून सोडून दिला.

सूनही आता हसत नव्हती. ती खुर्ची फिरवून बसली, पर्समधून एक पाकीट काढलं.

“मोठीआई, मी परवाच नकार लिहून ठेवला होता. उद्या देणार होते. वाटलं, तुम्हाला एकटं टाकून कुठे जायचं.” तिने पाकिटाचे सावकाश चार तुकडे केले. “तुम्ही हा भाग दाखवलात ते फार बरं केलंत.”

म्हणजे आज हा दरबार भरवलाच नसता तर! नुसती घोरत पडले असते तरी जिंकले असते! मोठीआईंनी घड्याळ बघितलं. एकोणपन्नास मिनिटं झाली होती. सून ठरल्या वेळेच्या आत ताळ्यावर आली होती. फक्त ताळा दुसरा होता.

काहीतरी झणझणीत बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ठसका लागला. खरा! डोळ्यांत पाणी, जीव घशात. त्यांनी हाताने पाण्याची खूण केली.

कोणी हललं नाही. मुलाने सुनेकडे बघितलं, सुनेने टीव्हीकडे, टीव्हीतल्या म्हातारीने सगळ्यांकडे. गणिताच्या बाईंनी तर हळूच वाकून मोठीआईंच्या पाठीमागची उशी बघितली.

शेवटी सून उठायला लागली. मोठीआईंनी हात वर करून तिला बसवलं. तेवढा मान अजून शिल्लक होता! पदर तोंडाला लावून त्या ताठ मानेने स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या.

वरचं कपाट उघडलं, त्यात डाळी. खालचं उघडलं, त्यात झाडू. खण ओढला, त्यात नुसती झाकणं. बाहेर सगळे कान टवकारून बसलेले. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत होता, मधे खोकला, मग परत भांडी.

मग मोठीआईंचा घोगरा आवाज आला.

“अगं ए! पेले कुठे ठेवतेस तू? जायच्या आधी तेवढं दाखवून तरी जा!”