विनूमामाने दिलेला निरोप

आमच्या विनूमामाच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर चिठ्ठी आहे : ‘मीठ. आमटी, भाजी, भात यांत चवीपुरते. चहात घालू नये. साखर हवी असल्यास शेजारचा निळा डबा पाहावा.’ मामा एकटा राहतो. ही चिठ्ठी कुणासाठी, असं आईने एकदा विचारलं. “ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी,” मामा म्हणाला. मग मीठ खारट असतं हेही लिही, असं आईने सुचवलं. त्याने खरंच लिहिलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आगाशीत आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे त्याचं घर. औषधांच्या कंपनीत तो खोक्यांतली माहितीपत्रकं लिहायचा. निवृत्तीनंतर एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरबसल्या करू लागला. हल्ली संगणकातले एआय एजंट माणसाच्या वतीने कामं करतात. तिकीट काढतात, निरोप पाठवतात. प्रत्येक कामाला वेगळं साधन असतं, आणि कुठलं साधन कधी उचलायचं हे एजंटला त्या साधनाच्या दोन-चार ओळींच्या वर्णनावरून ठरवावं लागतं. ती वर्णनं नीट वाट दाखवतात की नाही, हे मामा तपासतो. एजंटला काम सांगायचं, तो काय उचलतो ते पाहायचं, चुकला तर वर्णनातला एक शब्द बदलायचा आणि पुन्हा तेच काम सांगायचं. “तो चुकत नाही गं,” मामा म्हणतो, “त्याला चुकवतात.”

साधन कधी वापरू नये हे वर्णनात नसेल तर मामा ते नापास करतो. “ही जाहिरात झाली,” हा त्याचा शेरा. हा शेरा बाजारातल्या पाट्यांवरही मारून झाला आहे. मला सांगून आलेल्या एका स्थळाची माहिती वाचून त्याने सगळ्यांदेखत विचारलं होतं, की मुलगा कशासाठी उपयोगी नाही ते कुठे लिहिलंय? स्थळ तिथेच मोडलं. मला तेव्हा मान वर करवली नव्हती, पण झालं ते बरंच झालं.

दुपारची जेवणं झाली की मामा कागद घेऊन आमच्या ओटीवर यायचा. “ताई, तू आता एजंट. तुला काहीच माहीत नाही असं समज.”

“तू लहानपणापासून तेच समजतोस,” आई म्हणायची, आणि शेंगा सोलता सोलता उत्तरं द्यायची.

मागे त्याने नातेवाइकांसाठीच एक एजंट बनवला. आमचा गोतावळा नंदाखालपासून पापडीपर्यंत पसरलेला, प्रत्येक निरोपाला फोन करून बोटं दुखायची. त्यात त्याने दोन साधनं ठेवली. एकाचं वर्णन : ‘दिवस, वेळ आणि ठिकाण असलेला घरगुती निरोप सर्वांना सुबक रूपात पाठवते.’ दुसऱ्याचं : ‘दुःखद बातमी कळवते.’ आईने दोन्ही तपासून दिली. ती एकदाही चुकली नाही.

आई गेली त्याला अजून महिना झालेला नाही.

गेल्याचे फोन काकांनी केले. बाराव्याचा निरोप मी देतो, असं मामा आपणहून म्हणाला. त्याने एजंटला आईचं नाव, दिवस, वेळ आणि घरचा पत्ता एवढंच सांगितलं आणि सर्वांना कळवायला लावलं. एजंटने दिवस पाहिला, वेळ पाहिली, ठिकाण पाहिलं आणि पहिलं साधन उचललं. घरोघरी फोनवर तोरण उमटलं, गणपती उमटला. सोनेरी अक्षरांत आईचं नाव, खाली ‘सहकुटुंब येऊन आनंदात सहभागी व्हावे’.

बाराव्याचं आमंत्रण कुणी करत नाही, नुसतं कळवतात. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच ते कुठे लिहिलेलं नसतं.

फोन सुरू झाले. एका चुलतभावाने न वाचताच अभिनंदन पाठवलं. पापडीच्या रोझीमावशीने, आईच्या शाळेतल्या मैत्रिणीने, चाचरत विचारलं की नक्की काय आहे. मी फोन उशीखाली सरकवला. समईजवळ आईचा फोटो होता, तिकडे बघवेना. बारावं चार दिवसांवर आलेलं, आणि गावभर तिचं हसं झालेलं.

काका चारचौघांत म्हणाले, “विनू, बहिणीचं मरण सांगायला तुला तोंड नव्हतं?”

मामा खांबाला टेकून उभा होता. “तपासलं होतं,” तो म्हणाला. “ताईनेच तपासलं होतं. तिला आधीपासून सगळं माहीत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.” आणि चपला घालून निघून गेला.

त्यानंतर तो दिसला नाही. नुसती स्कूटर जाता-येताना ऐकू यायची. मग रोझीमावशीचा फोन आला. विनू घरोघर फिरतोय, आमच्याकडेही येऊन गेला म्हणाली. मरणाचा निरोप आणणारा पायरी चढत नाही, अंगणातूनच सांगतो, ही आमच्याकडची जुनी रीत. तसा तो अंगणात उभा राहिला. झालं ते विसर, वर ये, असं तिने परोपरीने सांगितलं. तो हलला नाही. तोंड उघडायचा, मिटायचा. एकदा तर स्कूटरपर्यंत परत गेला. “सांगितलंन शेवटी,” मावशी म्हणाली, “पण मला ऐकवेना गं.”

तेव्हा कुठे मला कळलं. इतक्या दिवसांत ते वाक्य मामाने आमच्या घरात उच्चारलंच नव्हतं. ‘हे झाल्यापासून’ म्हणायचा, ‘त्या दिवशी’ म्हणायचा. गेल्याचं डॉक्टर म्हणाले, काका म्हणाले. त्याच्या वाटणीचं तो यंत्राकडून म्हणवून घेऊ पाहत होता.

बाराव्याच्या आदल्या संध्याकाळी तो आला. हेल्मेट हातात, शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, वर ये, चहा ठेवते. त्याने मान हलवली. चपला काढल्या नाहीत.

“तुझं घर राहिलं होतं,” तो म्हणाला. त्याने हेल्मेट पायरीवर ठेवलं.

“सुमा, माझी ताई गेली गं.”

मी पायऱ्या उतरून त्याच्यासमोर उभी राहिले.

“कधी?” काहीच माहीत नसल्यासारखं मी विचारलं.

आणि मामा सांगू लागला.