हत्तीमारेंची बारी

मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता. साहेब ठणठणीत, शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन समोर बसलेले. कोणीतरी त्यांच्या साध्या राहणीवर बोलत होतं. इतक्यात दुसऱ्या रांगेतले हत्तीमारे उठले आणि दोन्ही हात पुढे घेऊन, मान खाली घालून स्तब्ध उभे राहिले.

झालं होतं एवढंच, की त्यांच्या मनगटावरचं स्मार्टवॉच थरथरलं होतं. तुम्ही तासभर बसून आहात, जरा उभे राहा, असं त्यावर आलं होतं आणि ते वाचायला त्यांनी मान खाली घातली होती. मागच्या रांगेला वाटलं, श्रद्धांजली. ती उठली. मग पुढची उठली. वक्ता गप्प झाला. शेवटी नारळ सांभाळत साहेबही उठले. पूर्ण दोन मिनिटं आम्ही एका धडधाकट माणसासमोर शांतता पाळली. बसताना साहेबांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "कौन गुजर गया?"

"मी तं कोणाले उठा नाई म्हटलं," हत्तीमारे नंतर मला म्हणाले. "माही बारी लागली, मी उठलो. तुम्ही काऊन उठले, ताई?"

मीही उठले होते.

हत्तीमारे आमच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतात आणि गोंदियाच्या कुडवा भागात माझ्या शेजारच्या घरात राहतात. म्हणजे दिवसाचे जवळजवळ सगळे तास ते माझ्या नजरेसमोर असतात. आडनाव ऐकून कोणी धिप्पाड माणूस शोधायला गेलं तर फसेल. मनगट इतकं बारीक की त्यावरचं ते चौकोनी काळं घड्याळ काठीला बांधल्यासारखं दिसतं. घरात दोन मुली. तन्वी चौथीत, परी पहिलीत. बायको सुनंदा परिचारिका आहे. तिची नेमणूक सालेकसा तालुक्यातल्या एका दवाखान्यात. शनिवारी संध्याकाळी येते, रविवारी संध्याकाळी जाते. मधले दिवस हत्तीमारे आणि घड्याळ मिळून संसार करतात.

घड्याळ थरथरलं की ते म्हणतात, "बारी लागली!" बारी म्हणजे पाळी. त्यांचे वडील गावच्या तलावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, कधी आणि किती सोडायचं, हे पाणकर ठरवतो. हत्तीमारेंनी वडिलांकडून शेती उचलली नाही, पण वाटप उचललं. दूधवाल्याची बारी, परीच्या वेणीची बारी, नळाच्या मोटरची बारी, कुकरची बारी. "पाणी तेवढंच असते, ताई. बारी पाळली तं सगळ्याइले पुरते."

हे तत्त्व ते कार्यालयातही चालवतात. अर्ज घेऊन कोणी टेबलापाशी आलं की हत्तीमारे मोबाईल पालथा घालतात, घड्याळावर पाच मिनिटं लावतात आणि म्हणतात, "बोला काका. हे पाच मिनिटं तुमचेच." मग छतावरचा पंखा पडला तरी ते तिकडे पाहणार नाहीत. लोकांना ही सवय इतकी नवी आहे की निम्मे जण दोन मिनिटांत बोलून संपवतात आणि उरलेली तीन मिनिटं कावरेबावरे होऊन बसून राहतात.

मी त्यांना चिडवत असे. "हत्तीमारे, चहा घेऊ का, विचारा तुमच्या घड्याळाला."

"विचारू कायले? ते सांगतेच."

आणि ते सांगायचंही. मागे परीच्या शाळेत बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. परी वर्गातल्या एका मुलीला चावली होती. बाई रागाने बोलत असतानाच घड्याळाने कळवलं, की तुमचा ताण वाढलेला दिसतो, दीर्घ श्वास घ्या. हत्तीमारेंनी लगेच डोळे मिटले आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. बाई घाबरल्या. कोणी पाणी आणलं, कोणी वहीने वारा घातला. परीची तक्रार राहिली बाजूला. परत आल्यावर मी विचारलं, "अहो, निदान डोळे तरी उघडे ठेवायचे."

"घडीनं डोयाचं काई सांगतलं नव्हतं. पण बेस वाटलं, ताई. तुम्ही बी घेऊन पाहा श्वास."

आता माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण पुढच्या भानगडीला ती कारणीभूत आहे. मी यादी करणारी बाई आहे. घरची एक वही, कार्यालयाची एक वही. काम झालं की पुढे बरोबरची खूण. माझ्या वहीला चार्जिंग लागत नाही आणि ती निरोप समारंभात थरथरत नाही. त्यामुळे एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हत्तीमारेंचं घड्याळ सहाव्यांदा थरथरलं आणि त्यांनी सहाव्यांदा हातातली पोळी खाली ठेवली, तेव्हा माझा संयम संपला.

"द्या तो मोबाईल इकडे. ही काय पद्धत झाली? मी नीट करून देते."

"राहू द्या ना, ताई. काई बिघडून नाई राहिलं."

"द्या म्हणते ना!"

त्यांनी दिला. मी आधी सगळ्या सूचना माझ्या वहीत उतरवून घेतल्या, कारण काही पुसण्याआधी लिहून घ्यायचं, हा माझा नियम. एकूण एकवीस निघाल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला 'अजी', म्हणजे इकडचं 'अहो'. अजी, मोटर चालू करा. अजी, दूध. अजी, परीले उठवा. पाच मिनिटांनी, अजी, परीले पुन्हा उठवा. अजी, आज तन्वीचा पांढरा ड्रेस. मला वाटलं, ही हत्तीमारेंची स्वतःशीच चाललेली गंमत. गमतीला माझा विरोध नाही, पण यादीत तिचं काम नसतं. मी सगळे 'अजी' काढले. परीच्या दोन सूचनांची एक केली. कुकर आणि डबा एकत्र केला. शेवटची सूचना रात्री नऊची होती. 'अजी, आता तुमची बारी. बसा.' तिच्यात कामच नव्हतं. ती पुसली. एकवीसच्या नऊ झाल्या आणि मी मोबाईल परत दिला. मला वाटतं, थोड्या अभिमानानेच दिला.

हत्तीमारेंनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. पुन्हा वर नेला, पुन्हा खाली आणला.

"बेस केलं, ताई," ते म्हणाले आणि डबा बंद केला. डब्यात अजून दीड पोळी होती.

तो आठवडा मी लक्ष ठेवून होते. आपण केलेल्या सुधारणेचा परिणाम पाहायला नको? परिणाम उत्तम होता. एकही काम चुकलं नाही. फार काय, मी पुसलेली कामंही वेळेवर होत होती. सहा वाजून वीस मिनिटांनी भिंतीपलीकडून "परे, ऊठ नं वो" ही दुसरी हाक बरोबर यायची. पण "बारी लागली!" हे काही ऐकू येईना. घड्याळ थरथरलं की हत्तीमारे न पाहताच बटण दाबून टाकायचे, माशी हाकलावी तसं. नऊच्या सुमाराला मी फाटकाला कुलूप लावते, तेव्हा ते रोज दारापुढच्या पायरीवर निवांत बसलेले दिसायचे. त्या आठवड्यात पायरी रिकामी होती.

शनिवारी दुपारी तन्वी वाटीभर साखर मागायला आली आणि साखर घेऊन झाल्यावरही दारातच उभी राहिली.

"मावशी, आईचं लिहिलेलं तुमीच पुसलं का?"

"आईचं? कोणतं गं?"

"घडीतलं. आई रविवारी जायच्या आंधी बाबाच्या मोबाईलमंधी सगळं टाकून जाते. बाबाले तं सगळं पाठ आहे. पण आई टाकते म्हणून वाचतेत."

माझ्या हातातला साखरेचा डबा मी खाली ठेवला. "आज येईल ना आई? टाकेल परत."

"आज नाई येऊन राहिली. पुढच्या शनिवारी बी नाई. कचारगडची यात्रा आहे, दवाखान्यात सगळ्याइच्या सुट्ट्या बंद."

"पण फोन तर होतो ना रोज?"

"होते ना. आंधी परी बोलते, मंग मी बोलते. मंग आईले कोणी बोलावते. बाबाची बारी येते तवा 'ठेवू का' म्हणते अन् ठेवते." एवढं सांगून ती साखर न सांडता, अगदी सावकाश चालत निघून गेली.

मी वही घेतली आणि पाच मिनिटांत शेजारी गेले. हत्तीमारे अंगणात मुलींचे बूट घासत होते.

"हत्तीमारे, माझी चूक झाली. पण एकवीसच्या एकवीस माझ्याकडे लिहिलेल्या आहेत, अजीसकट. मी वाचते, तुम्ही टाका."

"तुमाले कोणं सांगतलं? तन्वीनं? भल्ली बोलते ते पोट्टी." पण त्यांनी हात पुसले. आम्ही पायरीवर बसलो. मी वाचत गेले, ते टाकत गेले. मोटर, दूध, परी, पुन्हा परी. वीस झाल्या.

"एकविसावी. अजी, आता तुमची..."

हत्तीमारेंनी हात वर केला. "हे राहू द्या, ताई."

"का?"

"ते बाकीचे कामं होते. मी टाकलं काय अन् तिनं टाकलं काय, दूध तं येतेच. पण हे मीच मले कसा सांगू?"

मी खूण न करताच पेन बंद केलं. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

"आमचे बाबा साऱ्या गावाले पाणी देत," बुटाची नाडी बोटाभोवती गुंडाळत ते म्हणाले. "आमची बांधी शेवटी. पाणकरानं आपल्या बांधीले आंधी पाणी घेतलं तं लोकं काय म्हणतीन? कधी कधी पाणी आमच्यापर्यंत यायचंच नाई. बाबा तोंडानं काई म्हणत नव्हते. मंग आई तलावाच्या पारीवर यायची अन् म्हणायची, अजी, आता तुमची बारी. तवाच ते पाणी इकडं वळवत. सुनंदानं हे माह्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. नोकरीवर पहिल्यांदा गेली त्या रविवारी तिनं ते घडीत टाकलं. मी सांगतलं नव्हतं."

"मग तिलाच सांगा, पुन्हा पाठव म्हणून."

"नाई जी. मागून घेतली तं मंग बारी कायची?" त्यांनी दुसरा बूट उचलला.

आता यात एक बारीक मुद्दा आहे. हत्तीमारे 'मी मागणार नाही' म्हणाले होते. 'तुम्ही सुनंदाला काही बोलू नका' असं म्हणाले नव्हते. याद्या नीट वाचायची सवय असली की असे फरक लक्षात येतात. रविवारी सकाळी मी सुनंदाला फोन लावला. मागे यात्रेच्या भोंग्यांचा, ढोलांचा कल्लोळ चालला होता. मी ओरडून मुद्देसूद सांगितलं. मी काय पुसलं, का पुसलं, आणि काय परत टाकता आलं नाही.

ती आडोशाला गेली असावी, ढोल जरा लांब गेले.

"ताई, ते वाचतेत?" सुनंदाने विचारलं. "खरंच वाचतेत? मले वाटे, बटन दाबून देत असतीन. मी तं दर रविवारी आपली टाकून राहिली, म्हटलं आपल्या मनाले बरं वाटते." मग ती हसली. "थांबा, कोणी चक्कर येऊन पडलं." फोन बंद झाला.

रविवार तसाच गेला. रात्री नऊला पायरी रिकामीच होती. मी वहीत एकविसाव्या ओळीसमोरची जागा कोरी ठेवली.

सोमवारी साडेअकराचा सुमार. आवक-जावकच्या टेबलासमोर धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ अर्ज घेऊन बसले होते आणि त्यांची पाच मिनिटं चालू होती. हत्तीमारेंचं घड्याळ थरथरलं. त्यांनी सवयीने बटणाकडे बोट नेलं, पडद्यावर काहीतरी ओझरतं दिसलं आणि बोट थांबलं.

टेबलासमोर बसलेल्या माणसाला हत्तीमारेंनी थांबवलेलं मी तोवर पाहिलेलं नव्हतं. पण त्या दिवशी ते पुढे झुकून म्हणाले, "काका, दोन मिनिटं थांबता का जी? हे माही आहे."

"घ्या ना बाप्पा," म्हातारबुवा म्हणाले. "मले कोठं जावाचं आहे?"

हत्तीमारे उठून खिडकीपाशी गेले. मनगट डोळ्यांजवळ धरलं, मान खाली घातली आणि तसेच स्तब्ध उभे राहिले. घड्याळावर काय आलं होतं आणि किती ओळी होत्या, हे मी विचारलं नाही. वही उघडली आणि कोऱ्या जागेवर बरोबरची खूण केली.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या राऊतबाईंनी खिडकीकडे पाहिलं, घाईघाईने पदर सारखा केला आणि हात जोडून उठायला लागल्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा," मी म्हटलं. "त्यांची बारी आहे."