घराला टोपी घालणारे काका

वऱ्हाडपांडे काका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की उदबत्ती मागतात. यजमानांना वाटतं, माणूस भाविक आहे. पण काका देवाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पेटती उदबत्ती घेऊन ते खिडक्यांच्या कडेनं फिरतात, प्लगांसमोर उकिडवे बसतात, दाराच्या फटीशी वाकतात आणि धुराची रेघ कुठे वाकडी होते ते टक लावून बघतात. रेघ वाकली की त्यांना कोण आनंद!

"पहा, पहा! घर गळून राहिलं ना तुमचं!"

आमच्याकडे तर त्यांनी उदबत्ती मागितलीही नाही. २००४च्या हिवाळ्यात ॲन आर्बरमध्ये आम्ही आमचं पहिलं घर घेतलं आणि सत्यनारायण घातला. कथा चालू होती. काका आले, नमस्कार केला आणि चौरंगासमोरची उदबत्तीच उचलून खिडकीकडे गेले. गुरुजी, म्हणजे डेट्रॉइटकडून गाडी हाकत आलेले एक इंजिनिअर, वाचता वाचता थांबले. माझा नवरा अजित माझ्याकडे बघायला लागला. खिडकीकडून काकांचा आवाज आला, "तुमचं चालू द्या गुरुजी. मी फक्त वारा पाहून राहिलो."

आमचं घर एकमजली, बुटकं आणि लांबट. इथे त्याला रँच म्हणतात. गॅस स्वस्त होता त्या काळात बांधलेलं, त्यामुळे थंडी अडवायची फिकीर बांधणाऱ्यानं केलीच नव्हती. त्याच रस्त्यावर दोन घरं सोडून काकांचं अगदी तसलंच घर. काका मूळचे नागपूरचे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. नागपुरात लहानपणी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून ऊन बाहेर ठेवायचं, आणि इथे मिशिगनमध्ये ऊब आत ठेवायची. आयुष्यभर आपण एकच काम करत आलो, असं ते म्हणत.

त्यांचं तत्त्वज्ञान थोडक्यात होतं. "आधी भोकं, मग टोपी." ऊब वर जाते, म्हणून घराला स्वेटर नको, टोपी हवी. म्हणजे माळ्यावर इन्सुलेशनचा जाड थर हवा. पण टोपी घालण्याआधी वायरी, पाइप, दिवे जिथून वर जातात ती सगळी भोकं बुजवायची. तसं केलं नाही तर ती "जाळीची टोपी".

बर्फ पडून गेला की सकाळी काका फिरायला निघत, ते लोकांची छपरं बघायला. ज्या छपरावरचा बर्फ मधेच वितळलेला दिसे, त्या घराची ऊब वर पळते आहे हे ओळखायचं. "त्या हॅरिसनच्या घराला टक्कल पडून राहिलं," असं ते हळहळून सांगत. छपरांच्या कडेला लोंबणारे बर्फाचे लांब सुळे बघून आम्ही फोटो काढायचो. काका डॉक्टरसारखी मान हलवत. त्यांच्या लेखी तो रोग होता.

मराठी मंडळाच्या दिवाळीत सगळे ग्रीन कार्डबद्दल बोलायचे. काका हॉलच्या छताकडे बघत बसायचे.

आमच्या घराला त्यांनी त्या वसंतात टोपी घातलीच. अजितला हाताशी घेतलं. पुढच्या हिवाळ्यात घर खरोखरच उबदार झालं, हे मान्य करायला हवं. पण नंतरच्या ऑक्टोबरमध्ये काकांनी अजितला पुन्हा बोलावलं. या वेळी स्वतःच्या घरासाठी. आता ते घर त्यांनी कधीच बंदिस्त केलेलं होतं. गल्लीत सगळ्यात शेवटी कुणाच्या छपरावरचा बर्फ वितळत असेल, तर त्यांच्याच.

"टोपीवर आणखी एक टोपी," काका म्हणाले. "बिघडत काही नाही."

शनिवारी सकाळी मशीन भाड्यानं आलं. जुन्या वर्तमानपत्रांचा बारीक केलेला कापसासारखा चुरा त्यात टाकायचा. मशीन तो पिंजतं आणि लांब नळीतून माळ्यावर फुंकतं. पिंजारी गादीचा कापूस पिंजायचा, तसंच. मशीन ड्राइव्हवेवर, काका त्याच्यापाशी. आणि माळ्यावर तोंडाला मास्क लावून नळी धरलेला अजित. रँचचं छप्पर इतकं बसकं की कडेला पोटावर सरपटावं लागतं. "लाकडाच्या तुळईवरच पाय ठेव बरं का," काकांनी बजावलं होतं. "मधे नुसता पुठ्ठा आहे असं समज."

मी आणि काकू स्वयंपाकघरात साबुदाण्याची खिचडी करत होतो. बाहेर मशीनची घरघर. मी विचारलं, "काकू, तुमचं घर तर मस्त गरम असतं. पुन्हा कशाला हा खटाटोप?"

काकू दाण्याचं कूट घालता घालता म्हणाल्या, "मीरासाठी."

मीरा त्यांची एकुलती एक मुलगी. सांता क्लाराला सॉफ्टवेअरमध्ये. इथलीच जन्मलेली, इथेच वाढलेली. मी तिला फोटोतच पाहिलं होतं.

"मेडिकल अर्ध्यावर सोडलं तिनं," काकू म्हणाल्या. "तेव्हा हे नको ते बोलले. फार बोलले. मग तीही बोलली. त्यानंतर उन्हाळ्यात दोन दिवस येऊन जाते, पाहुण्यासारखी. ख्रिसमसला ये म्हटलं की, 'टू कोल्ड, बाबा. दॅट हाउस इज ऑलवेज कोल्ड.' दर वर्षी तेच."

"पण काकू, ते तर..."

"निमित्त आहे. मीही ह्यांना तेच म्हटलं. तर म्हणाले, 'मला कळत नाही का ते? पण ती दुसरी गोष्ट कशी रिपेअर करायची, मला माहीत नाही ना. हे मला येतं.'"

मी काही बोलणार, तेवढ्यात काडकन आवाज झाला, डोक्यावर पांढरा भुगा पडला आणि छतातून एक पाय खाली आला. जीन्स, मळका बूट, गुडघ्यापर्यंत.

काकूंनी आधी खिचडीवर झाकण ठेवलं. मग वर बघून शांतपणे विचारलं, "कुणाचा हो हा?"

"माझा," वरून अजितचा आवाज आला.

काका धावत आत आले. "लागलं का रे? नाही ना? मग हलू नको बिलकुल. भोक मोठं होईल!"

त्या डिसेंबरात मीरा आली. काकूंनी तिला फोनवर काय सांगितलं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. काका नवीन स्वेटर घालून घामाघूम झाले होते, पण काढायला तयार नव्हते. बापलेकीचं बोलणं एअरपोर्टवर भेटलेल्या अनोळखी माणसांसारखं चाललं होतं.

"काम कसं आहे?"

"गुड, बाबा. बिझी."

"ट्रॅफिक फार असेल तिकडे."

"यॅ. क्रेझी."

मग मीराचं लक्ष स्वयंपाकघराच्या छताकडे गेलं. तिथे मोठं चौकोनी ठिगळ होतं. "व्हॉट हॅपन्ड देअर?"

"अजित हॅपन्ड," काका म्हणाले.

मीरा खळखळून हसली. काका चमकून तिच्याकडे बघत राहिले. माळ्याविषयी, टोपीविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत. घर गरम आहे का, असंही त्यांनी विचारलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, विचारा ना काका. आणि तीही आपण होऊन काही म्हणत नव्हती.

जेवणानंतर आम्ही भांडी आवरत होतो. मीरा बाहेरच्या खोलीत मोठ्या खिडकीखालच्या सोफ्यावर पुस्तक घेऊन पडली होती. थोड्या वेळानं बघितलं, तर ती झोपली होती. अनवाणी, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये, एक हात सोफ्याखाली लोंबतोय. काचेबाहेर बर्फ भुरभुरत होता.

काकू आतून रजई घेऊन आल्या. काकांनी हातानंच त्यांना थांबवलं.

"राहू दे," ते अगदी हळू म्हणाले. "हायस्कूलात असताना दोन-दोन रजया घेऊन इथेच कुडकुडत अभ्यास करायची. आणि मी म्हणायचो, गॅसचं बिल वाढते, अजून एक स्वेटर घाल." मग थांबून म्हणाले, "पाहा ना, कशी झोपून राहिली."

त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची अलगद, जमिनीला न घासता उचलली, सोफ्याशेजारी नेऊन ठेवली आणि बसले. अजितनं आणि मी बूट हातात घेतले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.