आईची बोट, भर ट्राममध्ये

नोलवेनची आई एकोणऐंशीव्या वर्षी बोट विकत घ्यायला निघाली होती, आणि ही गोष्ट फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ब्रेस्ट शहरात नोलवेनखेरीज फारशी कुणाच्या कानावर गेलेली नव्हती. सकाळी आठ चाळीसपर्यंत तरी.

आठ चाळीसला नोलवेनने ट्राम पश्चिमेकडच्या टोकावरून काढली. शेजारी तुगदुआल बसला होता. वीस वर्षं बस चालवून तो आता ट्राम शिकायला आला होता आणि दिसेल त्या बटणाला हात लावत होता. वाली-हीरच्या थांब्यावर त्याने माईकचं बटण दाबलं, घसा खाकरला आणि बातम्या देणाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "प्रवाशांनी कृपया दारांना टेकून उभं राहू नये." मग बटण सोडलं. बटण मात्र वर आलं नाही, आतच अडकून बसलं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

"काय गं, आज तोंड का उतरलंय?" तुगदुआलने विचारलं.

"आई बोट घेतेय. आज साडेनऊला सही."

"खेळण्यातली?"

"नऊ मीटरची! घर भाड्याने देणार आणि बोटीवर राहायला जाणार. म्हणते, घराचे जिने झेपत नाहीत, बोटीला तीनच पायऱ्या असतात."

"हिशेब बरोबर आहे."

"तू गप रे! बाबा गेल्यापासून दोन वर्षं खिडकीत बसून समुद्र बघत होती. आता म्हणते, समुद्रातून खिडकी बघायचीय."

मागे डब्यात लोक आधी गालात हसले. मग एकेकाने मोबाईल खिशात टाकले. 'ले कापुसाँ'च्या थांब्यावर एका शाळेतल्या बाई उतरायला दाराशी आल्या. त्यांनी एक पाय बाहेर टाकला, तेवढ्यात वरून आवाज आला, "आणि एकटी नाही जात! लेओन आहे बरोबर." बाईंनी पाय परत आत घेतला.

"लेओन कोण?"

"चर्चच्या गायकमंडळातला. औषधांचं दुकान होतं त्याचं. आईला म्हणतो, तुमचा आवाज खारा आहे. आणि ही खूश!"

डब्यातून कुणी उतरेना. त्यामुळे बाहेरच्यांना चढता येईना. तीन थांब्यांवर छत्र्या घेतलेली माणसं ट्रामकडे बोटं करून ओरडत राहिली. शेवटी नियंत्रण कक्षाचा रेडिओ खरखरला. "नोलवेन, तुझी दारं बिघडलीत का?"

"नाही. उघडताहेत की."

"मग लोक उतरत का नाहीत?"

"मला काय माहीत! पावसाचे बसले असतील."

रकूव्राँसच्या थांब्यावर चालकाच्या केबिनच्या दारावर टकटक झाली. बाहेर तेलाच्या डागांचं जॅकेट घातलेले एक गृहस्थ उभे होते. "माफ करा, मी मोर्वान. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तुमच्या आईंची ती बोट हिरवी आहे का? 'मारी-मॉर्गान' नावाची?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हाला सगळंच कळलंय," मोर्वान ओशाळून म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरून साठ-सत्तर चेहरे डोकावत होते.

तुगदुआलने बटणाकडे पाहिलं, नोलवेनने तुगदुआलकडे पाहिलं. त्याने नखाने बटण वर काढलं. लगेच शेवटच्या डब्यातून ओरड झाली, "अहो, बंद कशाला केलंत? लेओनचं काय झालं?"

आता आडपडदा उरलाच नव्हता. छत्रीवाल्या एका आजीबाई पुढे सरसावल्या. "मुली, आईला जाऊ दे. मला एकाने विचारलं होतं, मी नाही गेले. अजून चुटपुट लागते."

"नोव्हेंबरात बोटीवर?" नौदलाचा एक निवृत्त माणूस म्हणाला. "ओलीने हाडं धरतील!"

"तुमची धरली म्हणून सगळ्यांची धरतात का?" आजीबाई फणकारल्या.

"भांडू नका हो!" मोर्वानांनी हात वर केले. "बोट घ्यावी की नाही, ते त्यांच्या घरचं. पण ही बोट नको. तिचा तळ कुजलाय, मी डोळ्यांनी पाहिलाय. बंदराबाहेर पडली की..." त्यांनी पंजा हळूहळू खाली नेला.

नोलवेनने घाईने मोबाईल काढला. तिने आईला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. आई फोन पावाच्या डब्यात ठेवायची, म्हणजे तो वाजून त्रास देत नाही. घड्याळात नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती.

ट्रामने पूल ओलांडेपर्यंत सगळे दारांशी गोळा झाले होते. बंदराजवळच्या 'शातो' थांब्यावर दारं उघडली आणि मोर्वान बंदराच्या उतारावरून धावत सुटले. त्यांच्यामागे शाळेतल्या बाई, नौदलवाले, छत्री उगारून आजीबाई आणि आणखी तीसेक माणसं.

"उतरले एकदाचे!" रेडिओ म्हणाला.

नोलवेनला गाडी सोडता येत नव्हती. पुढचे सगळे थांबे तिने दात आवळून घेतले. शेवटच्या टोकाला पोचली तेव्हा लेओनच्या फोनवरून आईचा फोन आला.

"नोलवेन, एवढी माणसं तू पाठवलीस? एकाने माझ्या हातातलं पेन हिसकावून घेतलं!"

"आई, सही केलीस?"

"नाही गं. तळ सुरीने टोचून दाखवला त्याने. लोण्यासारखा! लेओनला काही कळत नाही, त्याला नुसता रंग आवडला होता."

 नोलवेनच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मग आता घरी जा बाई."

"घरी कशाला? मंडळी आलीच आहेत, तर सगळे मिळून दुसऱ्या बोटी बघतोय. ठेव आता."

दुपारी ट्राम विभागाच्या केरमारेकसाहेबांनी तिला कार्यालयात बोलावलं. टेबलावर कागदांची चळत होती. "चौतीस तक्रारी," ते म्हणाले. "गाडी उशिरा आली, अशी एकही नाही. सगळ्यांचं एकच म्हणणं, रकूव्राँसनंतर आवाज का बंद झाला?"

"साहेब, चूक माझीच."

साहेब उठले, दार लावलं आणि हळूच म्हणाले, "मिळाली का बोट?"

"मिळाली. मोर्वानांनी ठोकून बघितली. अकरा मीटरची."

"अकरा!" साहेब खुर्चीत बसले.  "माझ्या वडिलांनी परवा मोटारसायकल आणली. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. रविवारी मला मागे बस म्हणतात."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

साहेबांनी खण उघडला, एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढून तिच्यापुढे सरकवली.

"हेल्मेट लाल बरं दिसेल, की काळं?"