पंचेचाळीस इंचांची पँट

बुटापासून चार इंच वर

सोमवारी सकाळी आलेलं पार्सल मेघाश्रीने दारातच फाडलं, काळी पँट चढवली, आरशासमोर उभी राहिली आणि पार्सलवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. पत्ता तिचाच होता. पँटच्या आत 'टॉल' असा शिक्काही होता. पण पोटरीच्या खाली थोडं अंतर चालून पँटचा उत्साह संपला होता.

मेघाश्रीची उंची सहा फूट एक इंच. बेंगळुरूत बेळ्ळंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिला आठ वर्षं झाली होती. येत्या शुक्रवारी अकरा वाजता तिला दोनशे लोकांसमोर स्टेजवर उभं राहून वीस मिनिटं बोलायचं होतं. जमलं तर टीमची प्रमुख. गेल्या वर्षीही ती जागा हातातोंडाशी आली होती. पण आखूड पँट लपवायला ती टेबलामागे गुडघे वाकवून उभी राहिली. नंतर एचआरचा शंतनु म्हणाला, "काम एक नंबर गं तुझं. पण स्टेजवर अशी दबून का उभी राहतेस?" जागा सुमंतला गेली. सुमंतची पँट मापाची होती.

यंदाचं भाषण पाठ होतं, आकडे तोंडावर होते. फक्त पँट बुटापर्यंत पोचायची होती.

तिने ॲपवर तक्रार टाकली.

*ग्राहक सेवा:* नमस्कार मॅडम! आपल्याला झालेल्या त्रासाने आम्ही व्यथित आहोत. अडचण सांगा.
*मेघाश्री:* टॉल पँट आखूड आहे.
*ग्राहक सेवा:* आपली उंची?
*मेघाश्री:* सहा फूट एक.
*ग्राहक सेवा:* मॅडम, पँट महिलांची आहे. कृपया ज्या महिलेला घालायची आहे तिची उंची लिहा.
*मेघाश्री:* तिचीच लिहिली आहे.
*ग्राहक सेवा:* टाइप करत आहे…
*ग्राहक सेवा:* टाइप करत आहे…
*ग्राहक सेवा:* मॅडम, पँट कमरेच्या जरा खाली घालून पाहिलीत का?

बुटापासून तीन इंच वर

संध्याकाळी ती व्हाइटफील्डच्या मॉलमध्ये गेली. म्हणजे संध्याकाळी निघाली आणि ट्रॅफिकने सोडलं तेव्हा पोचली. दुकानातल्या मुलीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. वर पोचायला तिला जरा वेळ लागला.

"मॅडम, ही घ्या. अँकल लेंथ आहे, घोट्यापर्यंत."

"ही मला गुडघ्याखाली जेमतेम येईल."

"मग फुल लेंथ घ्या ना. ती तुम्हाला अँकल लेंथ होईल. फॅशनच आहे."

"पण मला फुल लेंथच फुल लेंथ हवी असेल तर?"

मुलगी विचारात पडली. असं मागणारं गिऱ्हाईक तिच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. "मॅडम, तुम्ही बूट उंच घालता का? सपाट घाला. पँट खाली वाटेल."

मेघाश्री पुरुषांच्या विभागाकडे वळली. तिथे लांबी मिळाली, पण कमरेत आणखी एक मेघाश्री मावली असती. ती ट्रायल रूमच्या रांगेत उभी राहिल्यावर सिक्युरिटीवाला पुढे आला.

"सर, लेडीज तिकडे," तो म्हणाला, आणि मग नीट बघून, "सॉरी मॅडम, जेंट्स इकडे." दोन्ही वाक्यं त्याने इतक्या नम्रपणे म्हटली की भांडायचं कशावरून हेच तिला कळेना.

घरी आल्यावर आई, सुनंदाबाई, भात वाढत म्हणाली, "त्या मॉलला कशाला जातेस? आपले श्रीधरराव आहेत की नगरथपेठेत. तुझ्या काकांच्या मुंजीपासून घरातल्या सगळ्यांचे कपडे त्यांनी शिवले. परकर-पोलक्यापासून तुझं माप आहे त्यांच्या वहीत."

"त्यांचे कपडे मला कायम आखूड व्हायचे, आई."

"तू वाढत होतीस गं तेव्हा," आई म्हणाली आणि वरण आणायला जरा घाईनेच आत गेली.

बुटापासून सहा इंच वर

श्रीधररावांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आलं ते कात्री घेऊनच. मंगळवारी त्यांनी स्वतःच्या हाताने टेप लावली, "पंचेचाळीस!" असं आतल्या मशीनवरच्या शिवाप्पाला ऐकू जाईल असं ओरडले, आणि बुधवारी संध्याकाळी पँट तयार ठेवली. मेघाश्रीने ती दुकानातल्या पडद्याआड घातली आणि बाहेर आली. ॲपची पँट यापेक्षा उदार होती.

तिने श्रीधररावांच्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि मोजलं. एकोणचाळीस.

"अण्णा, तुम्ही पंचेचाळीस म्हणालात ना काल?"

"होय की."

"वही दाखवा."

वहीत एकेचाळीस लिहिलं होतं. श्रीधररावांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"असं बघ मा, त्यातले दोन रिवाजाचे. लग्न व्हायच्या उंच मुलीची लांबी कुणी पुरी लिहीत नाही. मुलाकडच्या बायका इथं ब्लाउज शिवायला येतात, बसल्या बसल्या वही चाळतात. पोरीचं भलं बघायला नको?"

"आणि उरलेले दोन?"

"ते तुझ्या आईचे. अक्कांचा फोन आला, 'मेघूचं माप स्वल्प सांभाळून लिहा' म्हणून."

"अहो, मग वहीत लिहा हवं ते. कापड तरी खरं कापायचं!"

श्रीधरराव एकदम ताठ झाले. "वहीत एक आणि कापडात एक? पन्नास वर्षं धंदा केला मी. असली लबाडी या दुकानात कधी झालेली नाही."

"मग एकेचाळीसचे एकोणचाळीस कसे झाले?"

मशीन थांबलं. आतून शिवाप्पाचा आवाज आला, "ते दोन माझे, अक्का. अण्णांना हल्ली विसर पडतो. रिवाजाचे काढले की राहिले, कोण बघणार? म्हणून मी आपले कात्रीतच काढतो."

"कधीपासून?"

"तुम्ही आठवीत होता तेव्हापासून."

मेघाश्री स्टुलावर बसली. एकतिसावं वर्ष लागलं तरी आपण अजून वाढतोच आहोत अशी तिची समजूत होती. त्यासाठी तिने एकदा डॉक्टरही गाठला होता, रक्तही दिलं होतं. आणि इतकी वर्षं तीन भली माणसं एकमेकांना न सांगता तिला दोन-दोन इंचांनी कमी करत होती. प्रेमाने.

तिने त्यांना गेल्या वर्षीचं स्टेज सांगितलं. वाकवलेले गुडघे सांगितले. शुक्रवार सांगितला. श्रीधररावांनी वही मिटली.

"म्हणजे पोरीची बढती आपल्या कात्रीनं खाल्ली, शिवाप्पा."

"तसंच झालं म्हणा अण्णा," शिवाप्पा म्हणाला आणि त्याने कात्री टेबलावर उताणी ठेवली.

घरी तिने सुनंदाबाईंनाही हेच सगळं सांगितलं. त्या रात्री मेघाश्रीच्या ताटात पुरणपोळी आली. एरवी ती फक्त सणाला यायची.

पण मेघाश्रीचा आता कोणावरच भरवसा उरला नव्हता. पश्चात्ताप झालेला माणूस एक दिवस टिकतो, सवय पन्नास वर्षं टिकते, असा तिने हिशेब केला. गुरुवारी सकाळी तिने दुकानात फोन लावला.

"अण्णा, घरी पुन्हा मोजलं. पंचेचाळीस नाही, एक्कावन्न आहे. एक्कावन्न लिहा."

तिघांनी मिळून सहा काढले की बरोबर पंचेचाळीस राहतील, इतकं सोपं गणित होतं. श्रीधररावांनी "बरं मा," एवढंच म्हटलं. अपराधी माणूस उलटून प्रश्न विचारत नाही.

बुटाच्या एक फूट खाली

शुक्रवारी साडेदहाला शिवाप्पा स्वतः रिक्षाने बेळ्ळंदूरला आला आणि ऑफिसच्या गेटवर त्याने पुडकं दिलं. "गरम आहे अक्का, आत्ताच इस्त्री केली. ह्या खेपेला कुणीपण कमी केलं नाही. आई शप्पथ."

ती शपथ ऐकून मेघाश्री पुडकं घेऊन पळालीच. वॉशरूममध्ये तिने पँट चढवली. कंबर झकास बसली. मग तिने खाली पाहिलं. बूट दिसत नव्हते. फरशीही फारशी दिसत नव्हती. दोन्ही पायांभोवती काळ्या कापडाची डबकी साचली होती.

कमरपट्टीला मापाची चिठ्ठी टाचलेली होती.

*मेघाश्री. लांबी ५१.*
*सुनंदाअक्का फोनवर: दोन वाढवा, माझ्या नावाने. ५३.*
*प्रायश्चित्ताचे २. ५५. — श्रीधर*
*माझे पण २. ५७. — शि.*

अकराला वीस मिनिटं होती. आयुष्यभर तिने कपडे खाली ओढले होते, शिलाया उसवल्या होत्या, खाली पट्ट्या जोडल्या होत्या. लांब कपड्याचं काय करतात, हे मात्र तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली आणि तिला रडू यायला लागलं.

दार उघडून प्रतिमा आत आली. प्रतिमा तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. उंची चार फूट दहा.

"अय्यो, काय झालं गं?"

"लांब झाली."

"किती?"

"एक फूट."

"फक्त?" प्रतिमाने पर्स उघडली. आत सेफ्टी पिनांचं अख्खं पाकीट, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि छोटी टेप होती. "हलू नको. मी रोज एवढंच दुमडते. माझ्या पर्समध्ये दुसरं काही नसतंच."

ती फरशीवर मांडी घालून बसली आणि तिने घडी घालायला सुरुवात केली. मेघाश्री वरून बघत राहिली.

"तुला पण दुकानात काही होत नाही?"

"कुठलं होतंय! सगळं पाच फूट चार इंचवालीसाठी. ही बाई कोण आहे, मला एकदा बघायचीय."

"मी नाही कधी पाहिली."

"मी पण नाही. पण ऐकते, तिला सगळं येतं." प्रतिमाने पिन तोंडातून काढली. "कुठपर्यंत हवी? अँकल दिसू दे थोडा? फॅशन आहे."

"प्रतिमा!"

"बरं बरं. बुटाला टेकवते."

पावणेसात मिनिटांत पँट पंचेचाळीस इंचांची झाली. घडीच्या वजनाने पाऊल जरा जड पडत होतं, एवढंच. मेघाश्री स्टेजवर गेली, टेबल ओलांडून पुढे आली आणि सहा फूट एक इंच उभी राहिली. आपला आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत जातो, हे तिला त्या दिवशी कळलं. वीस मिनिटांनी टाळ्या वाजल्या. साहेबांनी तिथेच नाव जाहीर केलं, आणि यंदा ते सुमंतचं नव्हतं.

खाली उतरताना शंतनु हसत पुढे आला. तिच्याशी बोलायला त्याने मान मागे टाकली होती.

"मस्त बोललीस! अभिनंदन. फक्त एक सुचवू का? राग मानू नकोस. टीमशी बोलताना जरा बसून बोललीस तर बरं. लोकांना थोडं… वर बघावं लागतं गं."

मेघाश्रीने त्याच्याकडे पाहिलं. यालाही दोन इंच हवे होते.

"मी बसणार नाही, शंतनु," ती म्हणाली. "लोकांना म्हणावं, खुर्चीवर उभे राहा."

शंतनु कसनुसं हसला. पण शेवटच्या रांगेत प्रतिमा वीस मिनिटांपासून खुर्चीवरच उभी होती आणि तिथून अजून टाळ्या वाजवत होती.