सात डाव्या चपलांचा दावा

पुसदला आमच्या गल्लीत एका पायात चप्पल घालून चालणारा माणूस दिसला, तर त्याला काय झालं म्हणून कोणी विचारत नसे. त्याच्या घरी हिरामण राठोडांचं एखादं हत्यार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

राठोडकाका एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. वय अडुसष्ट. घरी एकटे. मागच्या अंगणात टिनाची खोली, तिच्या भिंतीवर करवती, रंधे, पाने, पकडी, ड्रिल मशीन, ग्राइंडर, सगळं खिळ्यांना टांगलेलं. गल्लीतल्या कोणीही यावं आणि मागावं. अट एकच. ज्या खिळ्यावरून हत्यार काढलं, त्या खिळ्याला आपली डावी चप्पल अडकवायची आणि तसंच घरी जायचं.

"पैसे ठेवून घेतले तं मानूस इसरते," ते सांगायचे. "आधार कार्ड ठेवलं तं दुसरं काढते. एका चपलीनं किती दिवस हिंडन?"

उजवी का चालत नाही, असं मी एकदा विचारलं. "नियम म्हंजे नियम," हे उत्तर मिळालं. फार खोदलं की ते गोरबोलीत सुरू होतात. ते मूळचे बंजारा तांड्यावरचे. गल्लीत ती भाषा दुसऱ्या कोणाला येत नाही, त्यामुळे भांडण पुढे जात नाही.

समोरच्या शिंदे गुरुजींनी या कामासाठी एक जुनी डावी चप्पल वेगळी काढून ठेवली होती. काकांनी ती हातात घेतली, उलटी करून तळ पाहिला. "गुरुजी, हे पायातली नाही, माळ्यावरची हाय," म्हणाले आणि करवत परत टांगली.

चार वर्षांपूर्वी काकांनी घरातल्या चीजवस्तूंचा विमा काढला. टीव्ही, फ्रिज, कपाट लिहून एजंट उठायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं. एजंटनं 'घरगुती हत्यारे' असे दोन शब्द लिहिले. काकांना ते चाललं नाही. त्यांनी एकेक हत्यार भिंतीवरून उतरवलं, नाव सांगितलं, वजन हातात दिलं आणि लिहून घेतलं. सकाळी अकराला आलेला एजंट चारला गेला. तेव्हा काकू होत्या. मध्ये त्यांनी त्याला जेवू घातलं. त्या दोन वर्षांपूर्वी वारल्या. विम्याचे कागद आले तेव्हा काकांनी ते भिंगाखाली पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. असा ग्राहक आपल्याला दुसरा भेटलेला नाही, असं एजंट अजून सांगतो.

यंदा उन्हाळ्यात भर दुपारी त्या खोलीत शॉर्टसर्किट झालं. गल्लीनं बादल्यांनी आग विझवली. घर वाचलं, खोली गेली. ड्रिल आणि ग्राइंडर वितळले. रंध्यांची लाकडं, करवतींच्या मुठी यांचा कोळसा झाला. पात्यांचं पाणी उतरलं, ती मऊ पडली. पस्तीस वर्षं जमवलेलं सामान तासाभरात भंगार झालं, आणि पेन्शनवर ते पुन्हा उभं राहणं शक्य नव्हतं. आता सगळं विम्यावर होतं.

त्या दिवशी सात हत्यारं गल्लीत गेलेली होती. ती तेवढी वाचली. संध्याकाळी सात जण ती परत घेऊन आले, प्रत्येकाच्या पायात एकच चप्पल. टांगायला खिळे नव्हते, म्हणून त्यांनी हत्यारं ओट्यावर मांडली.

दाव्याचा अर्ज काकांनी स्वतः भरला. जळालेली प्रत्येक वस्तू लिहा, अशी सूचना होती. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं: 'डाव्या चपला, नग सात, मालकी लोकांची.'

"काका, हे काढा," मी म्हटलं.

"जळल्या का नाही जळल्या?"

"जळल्या."

"मंग?"

चार दिवसांनी विमा कंपनीकडून सर्व्हेअर आल्या. तायडे मॅडम, तरुण, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी राखेतली पाती मोजली, फोटो काढले, अर्ज वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"या चपला तुमच्या नाहीत?"

"लोकांच्या. हत्यार नेलं का ठेवा लागते."

"म्हणजे तारण?"

"हौ. तारनच म्हना."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. धंद्यासाठी वापरलेली हत्यारं या विम्यात बसत नाहीत, असं त्यांनी समजावून सांगितलं. तारण ठेवून वस्तू देणं म्हणजे भाड्याचा धंदा झाला. तसं असेल तर हत्यारांचं काहीच मिळणार नाही.

"भाड्यानं? म्या?" काकांचा चेहरा लाल झाला. पुढची दोन मिनिटं ते गोरबोलीत बोलले. मॅडमनी त्यातलं काही लिहून घेतलं नाही.

एव्हाना अंगणात वीसेक माणसं जमली होती. सगळी एकदम बोलत होती. एक रुपया घेत नाहीत मॅडम, देवाशप्पथ. शेजारच्या एक मावशी तर पुढे येऊन म्हणाल्या, "पैसे कायचे घेते! शिव्या देते फुकटच्या."

"शेजारी बाजूनंच बोलणार," मॅडम म्हणाल्या. यात चुकीचं काही नव्हतं.

तेवढ्यात गर्दी सारून सुभाष ढोले पुढे आले. कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान आहे. काकांशी त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं, हे गल्लीला माहीत होतं. आता संपलंच, असं मला वाटलं.

"मॅडम, या बुढ्याची तक्रार लिहून घ्या माह्यी."

मॅडमनी टोपण काढलं. "बोला."

"मांगच्या साली शटर दुरुस्त कराले ड्रिल नेलं म्या. वापस देताना इमानदारीनं पन्नासची नोट ठेवली. यानं नोट माह्या तोंडावर फेकली, चप्पल उकिरड्यावर फेकली, अन् तवापासून मले साधा पेचकस देल्ला नाही! साऱ्या गल्लीसमोर इज्जत काढली. कायले? तं पैसे देल्ले म्हनून! असं मानूस असते का कुठी?"

मॅडम काकांकडे वळल्या. "हे खरं आहे?"

"खरं हाय," काका म्हणाले. "आज देऊन पाह्य म्हना. आज बी फेकतो."

"पाहा! पाहा मॅडम!" ढोले ओरडले.

"हे लिहून सही कराल?"

"एक कायले, दहा सह्या करतो."

ढोल्यांनी तिथेच दीड पान तक्रार लिहिली. त्यात अपमानाचं वर्णन एक पान होतं. मॅडमनी ती शांतपणे वाचली, अर्जाला टाचली आणि पहिल्यांदा हसल्या. चपला तेवढ्या त्यांनी खोडल्या. दुसऱ्याची वस्तू विम्यात बसत नाही.

महिनाभरात दावा मंजूर झाल्याचं पत्र आलं. सगळी हत्यारं मान्य, एकही वगळलेलं नाही. गल्लीनं फटाके वाजवले. ढोल्यांनी दुकानातून पेढे वाटले आणि प्रत्येकाला बजावलं, "माह्यी तक्रार कायम हाय बरं." काकांनी पेढा घेतला आणि त्यांच्या हातात नवाकोरा पेचकस ठेवला.

खोली नव्यानं उभी राहिली. गुरुजी दार दुरुस्तीसाठी ड्रिल मागायला आले, तेव्हा काकांनी त्यांच्यापुढे विम्याचे कागद धरले. घराबाहेर नेलेल्या वस्तूला विमा लागू नाही. "आता बाहेर देता येत नाही गुरुजी. दार इथी आना." गुरुजींनी बिजागऱ्यांतून दार काढलं आणि हातगाडीवर घालून आणलं. मग कोणी पाळणा आणला, कोणी बाज. काकांनी खोलीत दोन लांब बाकं टाकली. चहाचं पातेलं मोठं घेतलं. संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळत नाही.

गुरुजींचं दार आलं, त्याच दिवशी मी विम्याचे जुने कागद पाहिले. तीच अट, त्याच शब्दांत, चार वर्षांपूर्वीही होती.

"काका, हे तर आधीपासून आहे. तुम्ही वाचलं होतं."

"वाचलं होतं."

"मग तेव्हा घरी का नेऊ देत होता?"

ते रंध्याला तेल लावत होते. लावत राहिले.

"तवा तुमची काकू होती. लोकं हत्यार घिऊन गेले तरी मांगं बोलाले कोनी होतं. ते गेली, तरी मी तसाच देत राह्यलो, डोक्यातच आलं नाही. मंग ते मॅडम आल्या त्या दिवशी आंगन भरलं ना, ते दोन वर्सानं भरलं."

बाहेर गुरुजी दार हातगाडीवर चढवत होते. काका फाटकापर्यंत गेले, हातगाडी वळेपर्यंत थांबले आणि परत आले.

"गुरुजीचं तं झालं," ते म्हणाले. "कोनाचं दार ढिलं असन तं पाहून ठेवजा. उद्याले लागन."