कुपनं संपेपर्यंत

वसूलरावांनी खरेदी-मेळ्याचं पत्रक पुढून वाचलं, मागून वाचलं आणि तळाचा बारीक मजकूर तर चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून वाचला. मग ते टेबलावर आपटून म्हणाले, "या लोकांना वाटतं, तिकीट लावलं की माणूस फसला! पण मला फसवणारा अजून जन्माला यायचाय! तिकीट पुरेपूर वसूल करतो की नाही, बघाच तुम्ही!"

"मला फक्त पर्स घ्यायचीये," बायको म्हणाली.

वसूलराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या कंपनीत ते पॅकिंग खात्यात होते. टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आतून पुसून घेणारा हा माणूस बघून खात्यातल्या लोकांनी त्यांना ही पदवी बहाल केली, आणि त्यांनी ती मानाने स्वीकारली. बाजारात शिरायचे पैसे मोजायचे आणि आत गेल्यावर पुन्हा वस्तूंचे मोजायचे, हा शुद्ध वेडेपणा आहे असं ते दर वर्षी सगळ्यांना सांगत. यंदा मात्र प्रत्येक तिकिटाला खाण्याची कुपनं जोडलेली होती. सूप, नूडल्स, कटलेट, केक आणि आइस्क्रीम! वसूलरावांच्या डोळ्यांत चमक आली ती तिथेच.

बायकोचं कारण वेगळं होतं. इतकी वर्षं घर सांभाळल्यावर तिला सोमवारपासून ग्रंथालयात नोकरी लागत होती. "पहिल्या दिवशी कापडी पिशवी घेऊन गेले तर भाजी आणायला निघाल्यासारखं वाटेल हो," ती म्हणाली होती. "मला एक चांगली पर्स हवी. तेवढी एकच." हे म्हणताना तिचा आवाज जरा हलला होता. वसूलरावांना तो ऐकू आला नाही, कारण ते कुपनं मोजत होते.

रविवारी तिघं निघाली. तिघं म्हणजे ते, बायको आणि त्यांच्या आई. आईंनी सवयीप्रमाणे चार पुडांचा डबा भरून घेतला होता. पाव, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, केळी. "बाहेरच्या खाण्याचा काय भरवसा!" हे त्यांचं मत होतं, आणि त्यांचं मत बदलायच्या भानगडीत घरात कोणी पडत नसे.

फाटकावरच्या रखवालदाराने डब्याकडे बघून मान हलवली. "बाहेरचं खाणं आत नाही न्यायचं. त्या पिंपात टाका."

"पिंपात?" वसूलराव किंचाळले. "अन्न?"

"नाहीतर इथेच खाऊन घ्या."

झालं! फुटपाथवर बैठक मांडली गेली. बायकोने दोन घास खाल्ले आणि तिचे डोळे फाटकातून आत, दुकानांच्या दिव्यांकडे लागले. आईंनी एक अंडं खाऊन गुडघा धरला. उरलेलं सगळं वसूलरावांनी एकट्याने संपवलं. शेवटचं केळं खाताना त्यांना बोलता येत नव्हतं, पण टाकलं काही नाही. आत शिरताना पट्टा दोन भोकं सैल करावा लागला, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की खिशात तीन तिकिटांची कुपनं जशीच्या तशी आहेत!

आत मात्र बायकोचं नशीब उघडलं. तिसऱ्याच दुकानात तिला हवी तशी पर्स मिळाली. तपकिरी, मऊ, आत चेनचा कप्पा आणि किल्लीसाठी छोटी कडी. तिने ती खांद्याला लावून आरशात पाहिलं, मग बाजूने पाहिलं. "कशी दिसते?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत ती असं विचारायचंच विसरली होती.

"छान," वसूलराव म्हणाले आणि ढेकर दाबला.

आईंना स्वच्छतागृहाकडे जायचं होतं आणि तिथे ही भलीमोठी रांग. बायकोने पर्स नवऱ्याच्या हातात दिली. "जपा हं. खाली ठेवू नका."

"अगं, आजवर माझ्या हातून कपाचा कान तुटला नाही! पर्सला काय होतंय?"

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. कुपनं आज मेळा बंद होईपर्यंतच चालतील, नंतर ती बाद! वसूलरावांच्या पोटात गोळा आला. आधीच तिथे जागा नव्हती, त्यात हा गोळा.

त्यांनी सूप घेतलं. ते कसंबसं आत गेलं. दुसरंही ढकललं. तिसरं मात्र घशाशी येऊन थांबलं आणि पुढे सरकेना.

"बाई, बाकीचं बांधून द्याल का?" त्यांनी कटलेटवालीला काकुळतीने विचारलं.

"पार्सल नाही, काका. इथेच खायचं. पाटी लावलीये बघा."

"अहो, पण मला जात नाहीये!"

"मग नका खाऊ," ती म्हणाली. इतकं भयंकर वाक्य वसूलरावांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

ते एका खांबाआड जाऊन उभे राहिले. आणि अशा त्या निराशेच्या क्षणी त्यांची नजर हातातल्या पर्सवर गेली. चांगली फुगलेली होती. आकार राहावा म्हणून नव्या पर्समध्ये कागदाचे बोळे भरतात, हे पॅकिंगवाल्याला कोणी सांगायला लागत नाही. त्यांच्या खात्याचा पहिला नियमच असा होता की पोकळ वस्तू रिकामी पाठवायची नाही. किटलीत कप भरायचे, कपात झाकणं भरायची, उरल्या फटीत कागद. इथे तर एवढी मोठी पोकळी नुसत्या कागदावर वाया चालली होती!

उरलेली सगळी कुपनं फाडून त्यांनी एकेका दुकानावरून खाणं खांबाआड आणलं आणि मग त्यांचे हात आपोआप चालू लागले. बोळे बाहेर, माल आत. तळाला कटलेटं, कागदी रुमालांत गुंडाळून. त्यावर नूडल्सचे कागदी डबे, तोंडाला रुमाल दाबून, आडवे, एकमेकांना टेकवून. केकचे तुकडे चेनच्या कप्प्यात. आइस्क्रीमचे कप वर, उलटसुलट, मध्ये कागद. हलवून पाहिलं. कुठे खडखडाट नाही! वीस वर्षांच्या नोकरीत इतकं सुबक काम त्यांनी केलं नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या अनुभवात बसत नव्हती. चिनी माती वितळत नाही.

बायको आणि आई परतल्या. बायकोने पर्स घेऊन लगेच खांद्याला अडकवली. "जड झाली का हो?"

"चांगल्या मालाला वजन असतंच," वसूलराव घाईने म्हणाले. "चला, चला, उशीर होतोय!"

बाहेर जाताना पावत्या तपासत होते. दुसऱ्या रखवालदाराने पर्सकडे बोट केलं. "उघडून दाखवा."

"दाखवते की," बायको हसून म्हणाली. "आत्ताच घेतलीये. रिकामीच आहे."

तिने चेन ओढली. रखवालदाराने हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याला नूडल्स लोंबत होत्या, आणि नूडल्सवरून आइस्क्रीम ठिबकत होतं.

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अरे बापरे!"

"बाई, हे काय?" व्यवस्थापक धावत आला. "खाण्याच्या दुकानांतून माल उचलता? शोभतं का हे तुम्हाला?"

बायको नुसती पर्सच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. किल्लीच्या कडीला कटलेटचा एक तुकडा अडकला होता.

"चोरी नाही! कुपनं आमचीच आहेत!" वसूलराव पुढे सरसावले. "हे बघा, सगळी फाडलेली! भरलं ते मी! तिला काही माहीत नाही!"

"मग बसून खायचं ना, काका."

"पोट भरलं होतं हो!"

"मग घ्यायचं नाही."

"घ्यायचं नाही कसं? तिकिटात आहे ना!" वसूलराव कळवळून ओरडले. व्यवस्थापकाने हात जोडून सगळ्यांना जाऊ दिलं.

"मी म्हणत होते," वाटेत आई म्हणाल्या, "बाहेरच्या खाण्याचा भरवसा नाही."

घरी बायकोने पर्स उलटी करून धुतली. वसूलराव मोरीच्या दाराशी उभे होते. "मी कागद भरून वाळवू का? आकार राहील," ते म्हणाले. तिने फक्त मान वर करून पाहिलं. ते मुकाट्याने बाजूला झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातांची भीती वाटली.

सोमवारी ती तीच पर्स घेऊन कामावर गेली. अजून ओलसर होती आणि व्हॅनिलाचा वास ती बाहेर पडल्यावरही घरात रेंगाळला. त्या दिवशी वसूलरावांचं कामात लक्ष लागेना. संध्याकाळी ती आली तेव्हा विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. आईंनीच विचारलं, "वास आला का गं कुणाला?"

"आला ना. तिघींनी विचारलं, केक आणलाय का. मग सगळं सांगावं लागलं."

"सगळं?" वसूलरावांनी विचारलं.

"सगळं. खूप हसल्या. मग विचारत होत्या, तिकीट काढून जाण्यासारखा आहे का मेळा?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, छान आहे. माल चांगला, तिकीटही काही फार नाही. येत्या रविवारी आम्ही सगळ्या मिळून जाणार आहोत. आईंनाही नेतेय."

वसूलरावांच्या जिवात जीव आला. राग गेला म्हणायचा! ते लगबगीने खुर्ची पुढे ओढून बसले. "मग मीही येतो! या वेळी आधी उपाशी राहायचं, म्हणजे कुपनं..."

"तुम्ही नका येऊ," ती शांतपणे म्हणाली. "मेळा परवडतो मला. तुम्ही महाग पडता."